वेळूची वंशावळ : सुषिर वाद्यांच्या नावावर खपणाऱ्या थापा

१/
१९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात गेलेल्या सुवर्णतबकडीवर केसरबाई केरकरांची भैरवी आहे, हे मराठी वाचकाला अभिमानाने ठाऊक असते. त्याच तबकडीवर जपानची शाकुहाची आहे, पेरू आणि सॉलोमन बेटांवरचे, लहानमोठ्या नळ्या ओळीने बांधून केलेले पावे आहेत आणि अझरबैजानचे एक वाद्य आहे. या शेवटच्या वाद्याची नोंद ‘बॅगपाइप’ अशी झाली. प्रत्यक्षात ते बालाबान आहे, म्हणजे रुंद पत्तीचे, सनईच्या दूरच्या नात्यातले लाकडी वाद्य. त्याला पिशवी नसतेच. चुकीची चिठ्ठी डकवलेले ते सूर आज सूर्यमालेच्या कुंपणापलीकडे प्रवास करीत आहेत.
#इतिहास #सुषिरवाद्ये #धागा

२/
ती चूक निष्काळजीपणाची होती; तीत कोणाचा स्वार्थ नव्हता. लोकवाद्यांवर हेतुपुरस्सर डकवल्या जाणाऱ्या चिठ्ठ्यांविषयी मात्र तसे म्हणता येत नाही. त्या बहुधा दोनच असतात. ‘हे वाद्य हजारो वर्षे जसेच्या तसे चालत आले आहे’ ही पहिली. ‘या वाद्यावर सत्तेने बंदी घातली होती, तरीही ते टिकले’ ही दुसरी. ध्यानशिबिरांच्या जाहिराती, महोत्सवांच्या पुस्तिका, लाखोंनी पाहिलेल्या चित्रफिती, सर्वत्र हीच दोन वाक्ये फिरत असतात. वाद्याचे नाव तेवढे बदलते.

३/
यावरचा नेहमीचा युक्तिवाद असा की थोडी अतिशयोक्ती झाली तर बिघडले कुठे, वाद्याला मान तर मिळतो. बिघडते ते असे की मान वाद्याला मिळतो आणि ज्यांनी ते घडवले, बदलले, बुडता बुडता वाचवले, त्या माणसांची नावे पुसली जातात. अनादि वस्तूला कर्ता नसतो. आणि कर्ता नसला की श्रेयाचा, मोबदल्याचा, हक्काचा प्रश्नही उरत नाही. याचे सर्वांत बोलके उदाहरण जपानचे आहे.

४/
शाकुहाची ही उभी धरून वाजवण्याची बासरी. मादाके जातीच्या बांबूचा मुळाकडचा जाड तुकडा घेऊन तो आतून पोकळ करतात, वरच्या कडेला तिरका छेद देतात आणि त्या धारेवर फुंकर मारतात. पुढे ४ आणि मागे १ अशी अवघी ५ छिद्रे. नावात लांबीच सांगितलेली आहे : एक शाकू आणि आठ सुन, म्हणजे सुमारे ५४.५ सेंटिमीटर. सुरांमधल्या बारीक जागा बोटाने अर्धवट झाकलेली छिद्रे आणि मानेची हालचाल यांतून निघतात. वाद्य दिसायला सोपे, वाजवायला निर्दय.

५/
तिची सर्वत्र सांगितली जाणारी कथा अशी. चीनमध्ये तांग राजवटीत, ९व्या शतकात, पुहुआ नावाचा एक विक्षिप्त झेन साधू होता. जपानी भाषेत त्याला फुके म्हणतात. तो हातातली घंटा वाजवत रस्त्यांतून हिंडे. त्या घंटानादाने भारावलेल्या एका भक्ताने तो नाद बांबूच्या नळीतून उमटवला आणि ती विद्या पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली गेली. १३व्या शतकात काकुशिन हा जपानी भिक्षू चीनला गेला, ती शिकून १२५४ साली परतला, आणि त्यातून शाकुहाचीलाच साधना मानणारा फुके पंथ जपानात रुजला.

६/
कथा सुंदर आहे. तिच्या पायात मात्र काही नाही. पुहुआ हा साधू झेन ग्रंथांत जरूर भेटतो. लिन्जी या आचार्याच्या वचनसंग्रहात त्याचे वेडेचाळे रंगवून सांगितले आहेत. तिथे घंटा आहे, बासरी नाही. बासरीचा संपूर्ण प्रसंग ‘क्योताकू देन्की’, म्हणजे ‘रिक्त घंटेची परंपरा’, या पुस्तकातून आला. ते जपानी टीकेसह १७९५ साली छापले गेले. ज्या घटना सांगायच्या त्यांच्यानंतर ९०० वर्षांनी.

७/
१९३० च्या दशकात नाकात्सुका चिकुझेन या शाकुहाचीच्या इतिहासकाराने या साऱ्या कागदपत्रांची चिकित्सा केली आणि ही वंशावळ रचलेली असल्याचे दाखवून दिले. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. हा कोणी परका विध्वंसक नव्हता. शाकुहाचीच्या जगातलाच, तिच्यावर जीव असलेला माणूस होता. आपल्या वाद्याचा खरा इतिहास मागणे हा त्याच्या लेखी त्या वाद्याचा अपमान नव्हता.

८/
पंथाकडे दुसरेही एक शस्त्र होते : १६१४ सालची म्हणून दाखवली जाणारी तोकुगावा इएयासूची सनद. तिच्यानुसार फुके पंथाचे भिक्षू, म्हणजे कोमुसो, देशभर मुक्त संचार करू शकत. चेहरा झाकणारी वेताची टोपली त्यांनी कोणासमोर उतरवण्याची गरज नव्हती. पंथात प्रवेश फक्त सामुराईंना. या सनदेची अस्सल प्रत कधीच पुढे आली नाही आणि ज्या नकला सापडतात त्या परस्परांशी जुळत नाहीत. अभ्यासक तिला बनावट मानतात. आपल्याकडच्या वतनाच्या तंट्यांत उगवणाऱ्या जुन्या सनदांशी परिचय असलेल्या वाचकाला याचे नवल वाटू नये.

९/
बनाव कशासाठी? १५व्या-१६व्या शतकांत जपानच्या रस्त्यांवर ‘कोमोसो’ नावाचे भिक्षेकरी बासरी वाजवत फिरत. ‘कोमो’ म्हणजे गवती चटई. पाठीवर चटईची वळकटी बांधून हिंडणारे ते कोमोसो. पुढे १६०० ची सेकिगाहाराची लढाई आणि १६१५ चा ओसाकाचा पाडाव यांनंतर हजारो सामुराई धनी गमावून बसले. त्यांच्यातले काही या भटक्यांत मिसळले. चटईवाला ‘कोमोसो’ हळूहळू ‘कोमुसो’ झाला, म्हणजे शून्यतेचा भिक्षू. एका स्वराच्या फरकाने भिकाऱ्याचा तत्त्वज्ञ झाला. पोट, प्रतिष्ठा आणि प्रवासाचा परवाना या तिन्ही गोष्टींसाठी त्यांना वंशावळ हवी होती.

१०/
इतके सांगून भंडाफोड करणारे बहुतेक लोक थांबतात, आणि तेही तितकेच चुकते. सनद खोटी होती म्हणून सूर खोटे ठरत नाहीत. कुरोसावा किन्को (१७१० ते १७७१) हा सामुराई कुळातला वादक याच पंथातला. एदो शहराजवळच्या पंथमंदिरांत तो शिकवी. ठिकठिकाणच्या मंदिरांत वाजवल्या जाणाऱ्या रचना त्याने गोळा केल्या, घासूनपुसून घेतल्या. त्याच्या नावाने चालणाऱ्या घराण्यात आजही ३६ मूळ रचनांचा संच मानला जातो. हे काम प्रत्यक्ष झालेले आहे आणि ते करणाऱ्याचे नाव माहीत आहे.

११/
मग मेइजी क्रांती आली. नव्या शासनाने १८७१ साली फुके पंथच रद्द केला. विशेष हक्क गेले, मंदिरे बंद पडली, टोपलीवाल्यांचा संचार संपला. ही बंदी खरी होती. तिचा हुकूम आहे, तारीख आहे. तिच्याबरोबर शाकुहाचीही संपायला हवी होती. ती संपली नाही, कारण योशिदा इत्चो आणि अराकी कोदो हे किन्को घराण्यातले दोन वादक शासनाकडे गेले आणि त्यांनी मागणी केली की पंथ गेला तरी वाद्य राहू द्या. शाकुहाचीला साधनेचे उपकरण न मानता संगीताचे वाद्य म्हणून परवानगी द्या.

१२/
त्या मागणीत केवढा त्याग होता याचा विचार करावा. ज्या पावित्र्यावर वाद्याची सारी प्रतिष्ठा उभी होती तेच त्यांनी खाली ठेवले आणि कोतो व शामिसेन यांच्या पंक्तीत, बैठकीत वाजणाऱ्या वाद्यांमध्ये, शाकुहाचीला बसवले. पुढे १८९६ साली ओसाकात नाकाओ तोझानने आपले वेगळे घराणे स्थापले, नव्या रचना केल्या. १९६७ साली न्यूयॉर्क फिलहार्मनिकने तोरू ताकेमित्सूची ‘नोव्हेंबर स्टेप्स’ सादर केली तेव्हा वाद्यवृंदासमोर योकोयामा कात्सुया शाकुहाची घेऊन बसला होता. व्हॉयेजरच्या तबकडीवर वाजतो तो यामागुची गोरो किन्को घराण्याचा.

१३/
आता आजची जाहिरात पाहावी. तिच्यात तांगकालीन साधू असतो, शून्यता असते, चेहरा झाकलेला गूढ भिक्षू असतो. कधीकधी हेर आणि निंजाही असतात. इत्चो आणि कोदो नसतात. ज्यांच्यामुळे वाद्य आज हातात आहे ते दोघे अर्ज घेऊन सरकारी दारात उभे राहिलेले साधे वादक होते, आणि अर्ज ही काही विकण्याजोगी दंतकथा नव्हे.

१४/
यावर कोणी म्हणेल की वाजवणाऱ्याला आध्यात्मिक अनुभव येतो त्याचे काय? तो येत असेल, येवो. श्वासावर इतके काटेकोर लक्ष देणाऱ्या कृतीत तो येणे स्वाभाविक आहे. त्या अनुभवाला १७९५ च्या पुस्तकाचा दाखला मात्र लागत नाही. जुनेपणच हवे असेल तर तेही खरे उपलब्ध आहे. नाराच्या शोसोइन भांडारात ८व्या शतकापासून ८ शाकुहाची जपून ठेवलेल्या आहेत. त्या दरबारी वाद्यमेळातल्या, ६ छिद्रांच्या, आणि त्यांचा फुके साधूशी काडीचा संबंध नाही. खरे जुनेपण समोर असताना खोटे सांगितले जाते, कारण खऱ्यात गोष्ट नसते.

१५/
दुसऱ्या चिठ्ठीचे, म्हणजे बंदीचे, प्रसिद्ध उदाहरण स्कॉटलंडच्या हायलँड बॅगपाइपचे. एप्रिल १७४६ मध्ये कलोडनच्या मैदानावर बंडखोर हायलँडरांचा चुराडा झाला. त्यानंतरच्या निःशस्त्रीकरणाच्या कायद्याने बॅगपाइप वाजवणे गुन्हा ठरवले, असे शेकडो पुस्तकांत आणि हजारो चित्रफितींत सांगितले जाते. तो कायदा छापील उपलब्ध आहे. त्यात शस्त्रे आहेत, हायलँडी पोशाखाचे एकेक वस्त्र नावानिशी आहे. बॅगपाइपचे नाव नाही.

१६/
दाखला म्हणून जेम्स रीडचे नाव पुढे केले जाते. तो बंडखोर फौजेतला पायपर. नोव्हेंबर १७४६ मध्ये यॉर्कला त्याला फाशी दिले गेले. आपण शस्त्र धरलेच नाही, हा त्याचा बचाव होता. न्यायालयाने तो फेटाळला : हायलँडी पलटण पायपरवाचून कधी कूच करीत नाही, सबब कायद्याच्या दृष्टीने बॅगपाइप हे युद्धाचे साधन. निवाडा क्रूर होता. पण आरोप राजद्रोहाचा होता, वादनाचा नव्हता. एका माणसाचा खरा मृत्यू घेऊन त्यावर एका वाद्याची खोटी बंदी उभी करणे म्हणजे त्या मृत्यूचाही गैरवापर.

१७/
कथित बंदीच्या ऐन काळातले पुरावे उलट बोलतात. जोसेफ मॅकडोनाल्ड या तरुणाने १७६० च्या सुमारास हायलँड पाइपच्या वादनशास्त्रावर सविस्तर ग्रंथ लिहिला. तो त्याच वर्षी ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत भारताकडे निघाला आणि थोड्याच वर्षांत इथेच वारला. ग्रंथ १८०३ साली छापला गेला. ब्रिटिश सैन्याने स्वतः हायलँडी पलटणी उभारल्या, पायपरांसकट. १७८१ साली फॉल्कर्क गावी पायपरांची जाहीर स्पर्धा भरली. हायलँडी पोशाखावरची बंदी उठली ती त्यानंतर एक वर्षाने, १७८२ मध्ये. पोशाखाला मनाई असताना पाइपची उघड स्पर्धा भरते, याचा अर्थ वाद्याला मनाई नव्हती.

१८/
बंदीच्या कथेने लपवले ते असे. पायपरांना जमिनी देऊन पोसणारे कुळप्रमुख १८व्या शतकात भाडेवसुली करणारे जमीनदार होत गेले. मॅक्लाउड सरदारांच्या पदरी पिढ्यान्‌पिढ्या असलेल्या मॅक्रिमनांसारख्या घराण्यांचा आधार त्यात सुटला. पुढे मेंढ्यांसाठी गावेच्या गावे उठवली गेली, माणसे जहाजांत बसून अमेरिका-कॅनडाला गेली. हे सारे लंडनच्या राजाने नव्हे, बऱ्याच अंशी आपल्याच सरदारांनी केले. परक्या राजाची बंदी ही गोष्ट सांगायला सोपी आणि ऐकायला सुखाची. आश्रयदाता फिरला, ही गोष्ट घरातली आहे. आजच्या बॅगपाइपांचा मोठा वाटा पाकिस्तानातल्या सियालकोटात बनतो, हेही त्या धुकट डोंगरांच्या चित्रात बसत नाही.

१९/
खोट्या बंदीचा आणखी एक तोटा म्हणजे ती खऱ्या बंदीची किंमत उतरवते. १७व्या शतकात पेरूमध्ये मूर्तिपूजेच्या निर्मूलनाच्या नावाखाली कॅथलिक चर्चने मोहिमा काढल्या. त्यांत अँडीजमधल्या लोकांच्या पूजावस्तूंबरोबर त्यांची वाद्येही जप्त करून नष्ट केली गेली, आणि मोहिमा काढणाऱ्यांनीच त्याच्या नोंदी लिहून ठेवल्या. त्या अत्याचाराची आठवण फारशी कोणाला नाही. अँडीजच्या वाट्याला आज आली आहे ती पहिली चिठ्ठी : ‘इंका लोकांचे प्राचीन संगीत’.

२०/
जुनेपण तिथेही खरे आहे. पेरूच्या कराल या प्राचीन नगरात पेलिकन आणि कोंडोर पक्ष्यांच्या हाडांच्या ३२ बासऱ्या सापडल्या, सुमारे ४ हजार वर्षांपूर्वीच्या. परंतु शहरांच्या चौकांत पोंचो घालून वाजवले जाणारे ‘इंका’ संगीत हे त्याचे अखंड पुढचे पान नव्हे. केना ही बासरी, सिकू हा नळ्यांचा पावा, गिटार आणि चारांगो एकत्र आणणारे ते मंचीय रूप २०व्या शतकातले, शहरांतले. ‘लोस इंकास’ हा गाजलेला वाद्यवृंद १९५६ साली पॅरिसमध्ये स्थापन झाला.

२१/
सिकूचे काय झाले ते विशेष पाहण्याजोगे आहे. गावाकडे सिकू एकट्याने वाजत नाही. त्याचे स्वर दोन भागांत वाटलेले असतात, एकाचे नाव इरा, दुसऱ्याचे आर्का. एक स्वर एका वादकाकडे, पुढचा दुसऱ्याकडे. दोघांचे श्वास एकमेकांत गुंफले तरच चाल पूर्ण होते. शेजाऱ्यावाचून सूरच निघू नये अशी ती रचना. मंचावर दोन्ही भाग एकाच्या हाती आले, एकल वादक चमकू लागला. तो बदल करण्याचा कलावंतांना पूर्ण हक्क होता. त्यावर ‘प्राचीन, अस्पर्श’ अशी पाटी लावली गेली तेव्हा मात्र गावातली जोडी दिसेनाशी झाली.

२२/
आणि ‘एल कोंडोर पासा’. जगभर अनाम इंका लोकधून म्हणून ऐकली गेलेली ही चाल दानिएल आलोमिया रोब्लेस या पेरूच्या संगीतकाराची. लोकसुरांचा संग्राहक असलेल्या रोब्लेसने ती १९१३ साली लिमात रंगमंचावर आलेल्या एका संगीत नाटकासाठी रचली, आणि त्या नाटकाचा विषय होता खाणमालकांविरुद्ध उभे ठाकलेले खाणकामगार. लोस इंकासच्या ध्वनिमुद्रणावर १९७० साली सायमन आणि गारफंकल यांनी इंग्रजी गीत बसवले, तेव्हा पॉल सायमन तिला पारंपरिक चाल समजत होता. रोब्लेसच्या मुलाला वडिलांच्या श्रेयासाठी दावा लावावा लागला. कामगारांचे नाटक गेले, रचनाकार गेला, उरला डोंगरावर घिरट्या घालणारा पक्षी.

२३/
हे सारे परदेशी म्हणून बाजूला ठेवता येत नाही. ‘५ हजार वर्षांची बासरी’ हे वाक्य मराठी समाजमाध्यमांत दर जन्माष्टमीला फिरते. सुषिर वाद्ये नाट्यशास्त्रात आहेत. १३व्या शतकात देवगिरीच्या यादव दरबारी शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला, त्यातही ‘वंश’ नावाने बासरीचे अनेक प्रकार मापांसह वर्णिले आहेत. बांबू आणि पिढी या दोघांना संस्कृताने एकच शब्द द्यावा, हा योगायोग या धाग्याला फारच सोयीचा आहे. आज मैफलीत आलाप-जोड वाजवणारी लांब बासरी मात्र त्या ग्रंथातून थेट उतरलेली नाही.

२४/
ती पन्नालाल घोष (१९११ ते १९६०) यांनी घडवली. निरनिराळ्या वस्तूंच्या नळ्या त्यांनी करून पाहिल्या आणि अखेर सुमारे ३२ इंचांच्या बांबूवर ते आले. खर्जाची खोली आणि मींड पेलेल असे वाद्य त्यांना हवे होते. उपजीविकेसाठी मुंबईच्या चित्रपटसृष्टीत काम करीत त्यांनी हा शोध चालू ठेवला. ख्यालाची बढत बासरीवर होऊ शकते हे त्यांनी मैफलीत सिद्ध केले. वाद्य ५ हजार वर्षांचे म्हणायचे तर या माणसाने नेमके काय केले, या प्रश्नाला उत्तरच राहत नाही.

२५/
घोषांचे नाव निदान जाणकारांच्या ओठी आहे. तारप्याच्या बाबतीत तेवढेही नाही. पालघरच्या डहाणू-जव्हार भागातल्या वारली पाड्यांवर भातकापणीच्या दिवसांत वाजणारे हे वाद्य वारली चित्रांमुळे जगभर पोहोचले. मधोमध वादक आणि भोवती वेटोळे घालणारी नाचणाऱ्यांची माळ. कापडी पिशव्यांपासून सरकारी भिंतींपर्यंत ते चित्र असते. त्याखाली ‘आदिम वाद्य’ असे लिहिलेले असते. वादक ही केवळ एक काळी-पांढरी आकृती.

२६/
‘आदिम’ या शब्दाइतका तारप्याला न शोभणारा शब्द नसेल. सुकवलेला भोपळा, बांबूच्या नळ्या, कंपन पावणारी पत्ती, सांधे बुजवायला मेण, आवाज फेकायला ताडाच्या पानांचा कर्णा : यातले काहीही टिकाऊ नाही. मेण उन्हात मऊ पडते, भोपळा तडकतो, पाने झडतात. म्हणून हातातला प्रत्येक तारपा अलीकडचाच असतो, कोणीतरी कानाने पारखून जुळवलेला. नळी किती कापायची, पत्ती किती तासायची, हे ठरवणारा माणूस आज जिवंत आहे, बहुधा त्याच तालुक्यात आहे. महोत्सवाच्या पुस्तिकेत ‘प्राचीन’ या विशेषणाला जेवढी जागा लागते तेवढ्यात त्याचे नाव आणि गाव सहज मावते.